पास होण्यापुरता विषय

मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर विषयांची एक उतरंड असते. इतिहास, अर्थशास्त्र, मराठी वाङ्मय हे वरचे विषय. त्यांची पुस्तकं विद्यार्थी कव्हर घालून आणतात, त्यांच्या समंत्रकांना, म्हणजे शिकवणाऱ्यांना, परीक्षेच्या आदल्या रात्रीही फोन जातात. सगळ्यांना सक्तीचे असलेले सामान्य विषय तळाला. त्यांच्याबद्दल पहिल्या दिवशी विचारला जाणारा प्रश्न ठरलेला असतो : "मॅडम, हा पास होण्यापुरताच आहे ना?" नाशिकच्या एका अभ्यासकेंद्रावर माझ्याकडे आला तो असाच विषय, पर्यावरण अभ्यास. महाविद्यालयातली नोकरी सांभाळून रविवारी मी तो शिकवते. शिकवणं म्हणजे नेमकं काय, याचा जेवढा विचार या विषयानं करायला लावला, तेवढा माझ्या मुख्य विषयानंही लावलेला नाही.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १ जुलै १९८९ रोजी स्थापन झालं आणि त्याचं मुख्यालय नाशिकला आलं. यशवंतरावांचं या गावाशी नातं होतंच. संरक्षणमंत्री झाल्यावर १९६३ मध्ये ते नाशिकमधूनच बिनविरोध लोकसभेवर गेले होते. विद्यापीठाचे पहिले कुलगुरू राम ताकवले. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, त्याआधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले. शाळा सुटलेल्या माणसालाही पदवीपर्यंत पोचता यावं, म्हणून या विद्यापीठानं पूर्वतयारी शिक्षणक्रम काढला आणि बारावी न झालेल्यांसाठी वाट मोकळी केली. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद भिंतीवर लिहिलेलं असतं. माझ्यासमोर बसलेल्या माणसांकडे पाहिलं की ते भिंतीवरून खाली उतरतं. अंबड-सातपूरच्या कारखान्यांतले कामगार, पोलीस शिपाई, एसटीचे वाहक, अंगणवाडी सेविका, द्राक्षबाग सांभाळून आलेले निफाड-दिंडोरीचे तरुण, मुलांची दहावी उरकल्यावर स्वतःची पदवी हाती घेतलेल्या गृहिणी. कोणाला बढतीसाठी कागद हवा असतो, कोणाला स्पर्धा परीक्षेला बसायचं असतं. नुसतं शिकायचं राहून गेलं म्हणून आलेलेही असतात, आणि ते वाटतात तेवढे थोडे नसतात.

मुक्त विद्यापीठात पुस्तक घरी वाचायचं असतं. ते तसंच लिहिलेलं असतं : घटक, उपघटक, मध्ये स्वतःला तपासायचे प्रश्न. महिन्यातून काही दिवस अभ्यासकेंद्रावर जमायचं, त्याला संपर्क सत्र म्हणतात. आमच्याकडे पूर्वी दर रविवारी प्रत्येक विषयाचे थोडे थोडे तास असत. पण पेठहून, सुरगाण्याहून, इगतपुरीच्या वरच्या पाड्यांवरून येणाऱ्या माणसाला दोन तासांसाठी दर आठवड्याला नाशिक गाठणं झेपत नाही. निम्मा दिवस एसटीत जातो, भाड्याचे पैसे वेगळे. कामगारांच्या पाळ्या फिरत्या. म्हणून केंद्रावर ठरलं की सामान्य विषयांचे तास एकत्र करून पूर्ण दिवसाची मोजकी सत्रं घ्यायची. सकाळी दहाला सुरू, संध्याकाळी शेवटच्या गाड्या लक्षात घेऊन पाचला बंद, मध्ये डबा. एका विषयाला असे चार-पाच रविवार, त्यांच्यामध्ये तीन-चार आठवड्यांचं अंतर.

आता या विषयाचा पसारा पाहा. पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करावा, असं सर्वोच्च न्यायालयानं एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्ये सांगितलं. अंमलबजावणी रेंगाळली, २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं. विद्यापीठ अनुदान आयोगानं पदवीच्या सगळ्या शाखांसाठी जो सामाईक अभ्यासक्रम बनवला, त्यात आठ घटक आणि ५० तासिका होत्या. जंगल, पाणी, खनिजं, ऊर्जा, परिसंस्था, जैवविविधता, प्रदूषण, आपत्ती, कायदे, लोकसंख्या, आरोग्य. शेवटचा घटक क्षेत्रभेटीचा, आणि १०० पैकी २५ गुण त्याला. नैसर्गिक संसाधनांपासून मानवी हक्कांपर्यंतचं हे सगळं चार-पाच रविवारांत बसवायचं.

त्यावर सरळ उपाय रूढ आहे. प्रत्येक घटकातले अपेक्षित प्रश्न काढायचे, उत्तरांच्या झेरॉक्स वाटायच्या, 'हरितगृह परिणाम म्हणजे काय ते सांगून उपाय लिहा' हे पाठ करून घ्यायचं. कितीतरी ठिकाणी हेच चालतं. विद्यार्थी पास होतात, तक्रार कोणाचीच नसते. मला ते मान्य नाही. चाळिशीतला माणूस आठवड्यातला एकमेव मोकळा दिवस देऊन समोर बसतो, तेव्हा पुस्तकात जे छापलंच आहे ते फळ्यावर उतरवून त्याला देणं हा त्याच्या दिवसाचा अपमान आहे.

म्हणून आठ घटकांचं पुस्तक घरी वाचायचं आणि दिवसभर एकाच प्रश्नाला बसायचं, असं मी ठरवलं. प्रश्न असा : नाशिकच्या नळाला येणारं पाणी कुठून येतं आणि वापरल्यावर कुठे जातं?

एका तुकडीत महानगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याकडे काम करणारे एक व्हॉल्व्हमन होते. वर्ग त्यांना नाना म्हणायचा. पहिल्या सत्रात ते शेवटच्या बाकावर बसले आणि दुपारपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मी फळ्यावर गंगापूर धरण काढलं, साठा लिहिला, ५,६३० दशलक्ष घनफूट. दारणा काढलं, नंतर जोडलं गेलेलं मुकणे काढलं. तिथून बारा बंगला, शिवाजीनगर, पंचवटी अशा जलशुद्धीकरण केंद्रांपर्यंत रेघा ओढल्या आणि म्हटलं, पुढे जलकुंभ आणि मग नळ. तेव्हा मागून आवाज आला, "मॅडम, जलकुंभ आणि नळाच्या मध्ये आम्ही आहोत."

त्यांना पुढे बोलावलं. खडू हातात घ्यायला ते तयार नव्हते, पण बोलायला लागले आणि थांबले नाहीत. चावी केवढी असते ते त्यांनी हात पसरून दाखवलं. टी अक्षरासारखी, छातीपर्यंत येणारी लोखंडी. चेंबरचं झाकण सरकवायचं, चावी खाली सोडायची, व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवायची. किती आटे उघडायचे हे भागावर ठरतं. उंचावरच्या कॉलनीला पाणी चढवायचं तर आधी खालच्या भागाचा व्हॉल्व्ह आवळावा लागतो, नाहीतर वरच्या मजल्यांवर नुसती हवा जाते. किती उघडला हे डोळ्यांना दिसत नाही. चावीच्या दांड्यावर तळव्याला जो थरथराट लागतो, त्यावरून कळतं. "अर्धा आटा जास्त फिरला की एका गल्लीत बायका मला शिव्या देतात आणि पलीकडच्या गल्लीत चहा पाजतात," नाना म्हणाले. टाकीखालच्या पहिल्या घराला आणि जलवाहिनीच्या टोकाच्या शेवटच्या घराला एकाच वेळी सारखं पाणी मिळू शकत नाही, आणि त्या दोन घरांमधला न्याय पहाटे चार वाजता रस्त्यावर उभं राहून ते रोज करतात, हे वर्गाला पहिल्यांदा समजलं. संसाधनांचं समन्यायी वाटप हा पुस्तकातला उपघटक आहे. त्याची व्याख्या त्यानंतर कोणी पाठ केली नसावी. गरज उरली नव्हती.

नानांचं संपतं तोच पेठ तालुक्यातल्या एक अंगणवाडीच्या ताई उभ्या राहिल्या. मुख्यसेविकेच्या पदासाठी पदवी हवी म्हणून त्या आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "नाना, तुमच्या शेवटच्या घराला निदान नळ तरी आहे." त्यांच्या पाड्यावर एप्रिल-मे महिन्यात नदीच्या पात्रात झिरा खणतात. खड्ड्यात पाणी झिरपेपर्यंत बसून राहायचं आणि वाटीनं हंड्यात भरायचं. रात्रीची पाळी लावतात, कारण दिवसा गर्दी असते. वर्गातला सिन्नरचा एक तरुण चक्रावला. पेठला तर केवढा पाऊस! खरंच आहे. पेठ-सुरगाण्याकडे दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सिन्नर-येवल्याला त्याचा जेमतेम चौथा हिस्सा. तरी उन्हाळ्यात टँकर दोन्हीकडे. असं का, यावर दुपारचा डबा खाता खाता चर्चा झाली. काळ्या पाषाणावर मातीचा थर पातळ, उतार तीव्र, धरणं थोडी, आणि जी आहेत त्यांचं पाणी गावापर्यंत वर चढवायचं कोणी. दमणगंगा, नार, पार या नद्या तिथून पश्चिमेला उतरतात आणि गुजरातेत जातात. ताई म्हणाल्या, "आमच्या डोक्यावर पडलेलं पाणी आमच्या डोळ्यांदेखत निघून जातं." नदीजोड प्रकल्पांवरून पेठ-सुरगाण्यात आंदोलनं का होतात, हे त्या वर्गाला आता कोणी वेगळं समजावून द्यायची गरज नव्हती.

आणि मग पैठणचे दादा. अंबडच्या एका कारखान्यात लेथवर काम करणारे, घरची शेती पैठण तालुक्यात. ते आतापर्यंत शांत होते, पण चिडलेले आहेत हे दिसत होतं. म्हणाले, "तुम्ही सगळे वरचे. तुमच्या गंगेत उरलंसुरलं येतं ते आमच्याकडे." इथून वर्ग पेटला. गोदावरीवरचं, पैठणजवळचं जायकवाडी हे केवढं मोठं धरण, एकूण साठा १०० टीएमसीच्या वर, पायाभरणी १९६५ ची. वरच्या अंगाला नाशिक-नगरमध्ये धरणं होत गेली आणि खाली साठा भरेनासा झाला, ही मराठवाड्याची व्यथा. राज्यानं २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. पुढे असं ठरलं की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं. निफाडच्या द्राक्षवाल्यांनी लगेच सांगितलं की ऑक्टोबरात छाटणी झालेली असते, आवर्तन चुकलं तर बाग जाते, कर्ज डोक्यावर राहतं. पैठणचे दादा म्हणाले, "आमचा तर पेराच जातो." आवाज चढले. नानांनी दोघांना गप्प केलं आणि विचारलं, "चावी तुमच्या हातात दिली तर किती आटे उघडाल?" कोणालाच आकडा सांगता येईना. मीही सांगितला नाही. घड्याळात साडेतीन झाले होते आणि पुढचा सबंध तास आम्ही त्या आकड्यावर घालवला.

हे तासाभराच्या तासिकेत होणं शक्य नाही. घंटा होते, चिडलेला माणूस चिडलेलाच घरी जातो, आणि पुढच्या आठवड्यात दुसरा घटक सुरू होतो. पूर्ण दिवस हाती असला की भांडण सुरू होऊन, तापून, निवून, कामाच्या बोलण्यापर्यंत पोचायला वेळ मिळतो. मधल्या सुट्टीत निफाडचा मुलगा आणि पैठणचे दादा एकाच डब्यातली शेंगदाण्याची चटणी खातात, तीही वर्गाचाच भाग असते. सलग दिवसाची खरी ताकद इथे आहे. कमी वेळात जास्त भाग उरकतो, असं तिचं कौतुक होतं, ते मला पटत नाही. सलग दिवसात भाग कमीच होतो.

दोन सत्रांमधल्या अंतराचंही तेवढंच मोल आहे. क्षेत्रभेटीच्या रविवारी आम्ही गोदावरीवर गेलो. सकाळी सोमेश्वरच्या वरच्या बाजूला, दुपारी रामकुंडापाशी, शेवटी शहर ओलांडून बरंच खाली. रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्यानं काचेच्या झाकणाच्या बाटल्या आणि दोन द्रावणं आणली होती. बाटली पाण्याखाली धरून बुडबुडा राहू न देता काठोकाठ भरायची, दोन्ही द्रावणं तळाशी सोडायची, झाकण लावून उलटी-सुलटी करायची. पाण्यात विरघळलेला प्राणवायू असेल तर गाळ तपकिरी होतो, नसेल तर पांढरा राहतो. वरच्या बाजूची बाटली पाहता पाहता तपकिरी झाली. शहराखालच्या बाटलीत पांढरे तंतू तरंगत राहिले आणि तसेच तळाशी बसले. अंगणवाडीच्या ताईंनी ती बाटली उन्हाकडे धरली, पुन्हा हलवली, आणखी थोडा वेळ पाहिली. आंघोळीच्या पाण्यात लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू असावा, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाचं मानक मी तेव्हा सांगितलं. या पाण्यात त्याचा मागमूस नाही, हे त्यांच्या हातातच दिसत होतं.

त्या दिवशी निष्कर्ष काढायला मी मनाई केली. पुढच्या सत्राला महिना होता. तेवढ्यात प्रत्येकानं आपल्या घराचं सांडपाणी कुठे जातं ते शोधून वहीत लिहायचं, चालत जाऊन, विचारून. महिन्यानंतर आलेल्या वह्या मी अजून जपून ठेवल्या आहेत. सिडकोतल्या एका गृहिणीनं गटारीच्या झाकणांचा माग काढत नासर्डी नदीपर्यंतचा नकाशा काढला होता. एका शिपायानं लिहिलं होतं की त्याच्या चाळीचा पाइप पावसाळी नाल्यातच सोडलेला आहे आणि हे चाळीत सगळ्यांना माहीत आहे. पैठणच्या दादांनी आपल्या कारखान्याच्या मागच्या नाल्याबद्दल दोन पानं लिहिली आणि शेवटी एक ओळ : 'आमच्या गावाला जे पाणी जातं त्यात माझाही हात आहे.' सत्रं लागोपाठच्या चार दिवसांत घेतली असती तर ही ओळ आली नसती. ती लिहायला एवढे दिवस नाल्याशेजारून जाणं-येणं लागतं.

सगळ्याच विषयांना हे लागू पडत नाही. त्याच केंद्रावर पायाभूत इंग्रजीचे दिवसही असेच एकत्र केले होते. त्यातून फार काही निघालं नाही. भाषेला रोजचा थोडा थोडा सराव लागतो. शिवाय पूर्ण दिवसाच्या पद्धतीत ज्याचा एक रविवार बुडाला त्याचा पाचवा हिस्सा गेला. द्राक्षाच्या हंगामात, लग्नसराईत, पाळी बदलली की हे होतंच, आणि त्यावर गृहपाठाची वही हा अर्धामुर्धाच उपाय आहे.

हे आता लिहायचं कारण माझ्या महाविद्यालयात आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही रचना बदलली. वाणिज्यच्या मुलांना दुसऱ्या शाखेचा खुला ऐच्छिक विषय, सगळ्यांना मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली. कल्पना चांगली आहे, मनापासून चांगली. एकाच विषयाच्या बोगद्यातून तीन वर्षं चालत जाण्यापेक्षा मुलांनी बाजूच्या खिडक्याही उघडाव्यात, हे मी वर्षानुवर्षं म्हणत आले. पण यातले बहुतेक विषय दोन श्रेयांकांचे, म्हणजे ३० तासांचे, आणि ते ३० तास आठवड्याला दोन असे मुख्य विषयांच्या फटींत बसवले जातात. वर्ग मोठे, दमलेली मुलं, आणि पुन्हा तोच प्रश्न, पास होण्यापुरताच ना. या ३० तासांचे सहा-सहा तासांचे पाच दिवस करा, त्यांच्यात दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवा आणि प्रत्येक विषयाला नाशिकमधला एक प्रश्न द्या, असं मी विभागाच्या बैठकीत सुचवते. अडचणी खऱ्या आहेत. शिक्षकाचा कार्यभार आठवड्याच्या तासांवर मोजला जातो, खोल्या कमी, दुसऱ्या शिक्षकांच्या तासिका बुडतात. पण १९६९ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना सात दिवसांची शिबिरं घेतेच. खेड्यात राहून बंधारा बांधलेल्या मुलाला पदवीनंतर विचारा काय आठवतं. तो शिबिराचं सांगेल. वेळापत्रकात जागा करायची ठरवली की होते, हे आपण पाहिलेलं आहे.

शिकवणाऱ्याबद्दलही सांगायला हवं. सामान्य विषय सहसा नव्या, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाकडे किंवा ज्याचा कार्यभार भरायचा आहे त्याच्याकडे जातात. खरं तर हे विषय सर्वांत जाणत्या माणसाकडे जावेत. कायदा, भूगोल, रसायनशास्त्र, शेती यांच्या सीमा ओलांडून कधी काय विचारलं जाईल याचा इथे नेम नसतो, आणि उत्तर न देता वर्ग सांभाळण्याचं धैर्य अनुभवानंच येतं.

२०२७ चा कुंभमेळा आता समोर आहे. गोदाघाटावर कामं निघाली आहेत. या वेळच्या तुकडीत पंचवटीत पूजासाहित्याचं दुकान चालवणाऱ्या एक बाई आहेत. पहिल्याच सत्रात त्यांनी विचारलं की पर्वस्नानासाठी धरणातून जे पाणी सोडतात ते कोणाच्या वाट्यातून जातं, शहराच्या, शेतीच्या की जायकवाडीच्या? त्यांच्या दुकानाचं वर्षभराचं गणित त्या स्नानांवर आहे, तरीही त्यांनी विचारलं. पुढचा संपूर्ण रविवार या प्रश्नासाठी ठेवला आहे. नानांना पाहुणे म्हणून बोलावलं आहे; ते आता पदवीधर आहेत आणि पहाटेची चावी फिरवून थेट वर्गावर येतो म्हणाले. पैठणचे दादाही येतील. पेठची बाजू मांडायला अजून कोणी मिळालेलं नाही. अंगणवाडीच्या ताईंची त्याच दिवशी पल्स पोलिओची ड्यूटी आहे, त्यांनी पाड्यावरची एक बारावी झालेली मुलगी पाठवते असं कळवलं आहे. तिला आमच्या केंद्राचा पूर्वतयारीपासूनचा सगळा तक्ता दाखवायला काढून ठेवला होता; पण बारावी झालेली आहे, तेव्हा थेट प्रथम वर्षाचा अर्जच लागेल.